कुक्कुटगुण आणि वैद्याचा शब्द

औषधाच्या बाटलीवर काय छापावे याविषयी आपण जितके दक्ष असतो, तितके आहारद्रव्याविषयी तोंडी काय सांगावे याबाबत नसतो. रुग्ण विचारतो, "डॉक्टर, कडकनाथ खाल्ली तर साखर उतरते म्हणतात, खरे का?" आणि गडबडीत आपण "चालेल, चांगली असते" असे म्हणून मोकळे होतो. हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील, आदिवासी समाजाने जतन केलेली कोंबडी. तिच्या कातडीत, मांसात व हाडांवरील आवरणात मेलॅनिन हे कृष्णरंजक द्रव्य साठते, म्हणून तिला तिकडे 'कालामासी' म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील एका कंपनीची कडकनाथ योजना कोसळली. पिले द्यायची, अंडी व पक्षी चढ्या भावाने परत घ्यायचे, असा करार होता. पैसे थांबले आणि राज्यातील अनेक जिल्ह्यांचे शेतकरी कर्जासह अडकले. चढा भाव खरा वाटावा यासाठी 'औषधी कोंबडी' ही कीर्ती उपयोगी पडली. मधुमेह, हृद्रोग, क्लैब्य अशा व्याधींवर ती गुणकारी असल्याचे सांगताना आयुर्वेदाचे नाव सर्रास घेतले जात असे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी त्याला हरकत घेतली.

शास्त्र काय सांगते ते पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात कुक्कुट विष्किर वर्गात येतो. त्याचे मांस स्निग्ध, उष्ण, बृंहण, वृष्य, बल्य, स्वरास हितकर व वातहर सांगितले आहे. सुश्रुतांनी वन्य व ग्राम्य असा भेद करून ग्राम्य कुक्कुट गुरु असल्याचे म्हटले आहे, तर वाग्भटांनी तो श्लेष्मलही मानला आहे. प्रमेहचिकित्सेत विष्किरांचा मांसरस यवादी अन्नासह येतो हे खरे. परंतु पथ्य म्हणून चालणे आणि व्याधी नष्ट करणे यांतील अंतर आपल्याला तरी सांगावे लागू नये. पिसांच्या वा मांसाच्या रंगावरून या ग्रंथांनी गुणभेद केलेला नाही. पक्षी कोठे वावरतो, याला मात्र महत्त्व दिले आहे.

हा विचार आजही उपयोगी आहे. उकिरडा उकरणारी, बांधावरचे किडे टिपणारी, दिवसभर फिरणारी कोंबडी आणि सुमारे सहा आठवड्यांत दोन किलो वजनाची होणारी ब्रॉयलर यांचे मांस एकाच गुणाचे मानता येणार नाही. अशा फिरत्या कोंबडीला किलो-सव्वा किलोची व्हायला पाच-सहा महिने लागतात. कडकनाथचे मांस कमी मेदाचे असते, पण परसात चरणारी आपली साधी गावरान कोंबडीही ब्रॉयलरच्या मानाने कमी मेदाचीच असते. उलट कडकनाथला पिंजऱ्यात कोंडून खाद्यावर वाढविले, तर शास्त्राच्या दृष्टीने ती ग्राम्यच, गुरुच. तिचे अंडेही काळे नसते. फिकट बदामी असते.

पालनाच्या दृष्टीनेही एक भेद महत्त्वाचा आहे. गावरान कोंबडी खुडूक होते, डालग्याखाली अंड्यांवर एकवीस दिवस बसते आणि पिले स्वतः वाढविते. वर्षाला साठ-सत्तर अंडीच देते, पण पिलांसाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. कडकनाथ मादी अंड्यांवर फारशी टिकून बसत नाही, त्यामुळे पिलांसाठी यंत्राकडे किंवा दुसऱ्या कोंबडीकडे वळावे लागते. गिरिराज, वनराज या संस्थांनी विकसित केलेल्या जाती चांगल्या आहेत, मात्र बाजारात रंगीत पिसांमुळे त्यांनाच 'गावरान' म्हणून विकले जाते. खरी गावरान अशा संकरात हळूहळू विरते आहे. नंदुरबार-धुळे पट्ट्यातील बुसरा ही आपल्या राज्याशी निगडित नोंदणीकृत जात. तिचे नाव किती वैद्यांना ठाऊक असेल? त्याच पट्ट्यातील नवापूर येथे २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या कुक्कुटगृहांबरोबर परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. घरोघरी थोडी थोडी राखलेली बीजसंपत्ती किती सहज जाऊ शकते, हे तेव्हा दिसले.

म्हणून वैद्यबंधूंना तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, पथ्यपत्रकावर नुसते 'चिकन' किंवा 'गावरान' असे न लिहिता पक्षी कोठे वाढलेला, मांसरस की घन मांस, मात्रा किती आणि कोणत्या अग्नीला, हे लिहावे. क्षीण, वातप्रधान, सूतिकावस्थेनंतर अशक्त राहिलेल्या रुग्णास कोवळ्या पक्ष्याचा पातळ रस द्यावा. मंदाग्नी व कफप्रधान रुग्णास देऊ नये. नातेपुत्यासारख्या पालखीच्या मुक्कामाच्या गावी माळकरी रुग्ण पुष्कळ असतात. त्यांना दूध, तूप, माष, अश्वगंधा आहेतच; मांसाचा आग्रह धरू नये.

दुसरी सूचना औषधनिर्मात्यांसाठी. कुक्कुटाण्डत्वक् भस्माच्या कवचात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असते, मग कोंबडी कोणतीही असो. अशा भस्मावर 'कडकनाथ' किंवा 'गावरान' असे छापून भाव वाढवू नये. कवच कोठून आणले, आतील पापुद्रा पूर्ण निघाला का, शोधन कसे झाले, यांची नोंद घाण्यागणिक ठेवावी. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या कक्षेत काय येते एवढ्यावरच आपला विवेक थांबू नये.

तिसरी सूचना परसातील पालनाविषयी. दहा-बारा गावरान कोंबड्या राखणाऱ्या घरच्या बायाबापड्यांना आपल्या शब्दाचा आधार द्यावा. मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्या, परका रंगीत कोंबडा कळपात सोडू नका, खुडूक कोंबडीला उठवू नका, एवढे सांगितले तरी पुरे.

गावात वैद्याच्या शब्दावर लोक पैसे लावतात. तो शब्द ग्रंथात जेवढा आहे तेवढाच उच्चारावा.