पोलीस ठाण्याचे दप्तर कोणाचे?

पोलीस ठाणे म्हटले की बेड्या, कोठडी आणि दंडुका यांचेच चित्र आपल्या मनात उभे राहते. वस्तुतः ठाण्याची पायरी चढणाऱ्यांत गुन्ह्याशी काडीमात्र संबंध नसलेली माणसेही पुष्कळ असतात. ती येतात कागदासाठी. कोणाची गुणपत्रिका प्रवासात गहाळ झालेली असते व दुसरी प्रत मिळवण्यासाठी ठाण्याचा दाखला हवा असतो. कोणाला नोकरीवर रुजू होण्यापूर्वी चारित्र्य पडताळणी करून घ्यायची असते, कोणाचे पारपत्र पडताळणीसाठी थांबलेले असते, तर कोणाला अपघाताच्या पंचनाम्याची नक्कल हवी असते. परभणी जिल्ह्यासारख्या भागात पोलीस खाते हे अशा रीतीने नोंदींचेही खाते आहे. पण या बाजूचा विचार आपण क्वचितच करतो.

या नोंदींना किंमत असते, आणि तीही रुपयांत मोजता येण्यासारखी. शेतात वीज पडून वा सर्पदंशाने एखादा शेतकरी दगावला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली त्याच्या वारसांना २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. परंतु मृत्यू अपघातानेच झाला, हे सिद्ध करण्यासाठी पंचनामा आणि पोलिसांची नोंद लागते. अकस्मात मृत्यूची ती नोंद वेळेवर झाली नाही, किंवा तिच्यात कारण मोघम लिहिले गेले, तर पुढच्या साऱ्या कचेऱ्यांची दारे त्या कुटुंबाला बंद होतात. रस्त्यावरील अपघाताच्या नुकसानभरपाईचेही तसेच. ठाणे अंमलदाराने लिहिलेल्या चार ओळी म्हणजे एका घराची पुढील कित्येक वर्षांची बेगमी असू शकते.

हा कागद कायद्याने बहुतांशी विनामूल्य किंवा अल्प शुल्कात मिळतो. परंतु अर्थशास्त्रात वस्तूची किंमत आणि ती मिळवण्याचा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील एखाद्या खेड्यातल्या मजुराला ‘उद्या या, साहेब बंदोबस्तावर आहेत’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याची एका दिवसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे अंगावर पडते. असे तीन हेलपाटे झाले की फुकटचा कागद त्याला आठवड्याच्या कमाईला पडतो. पगारदार माणूस रजा टाकून किंवा ओळख काढून काम उरकतो. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नसते, तो मध्यस्थ गाठतो. मध्यस्थ जगतो तो आपल्या अज्ञानावर. कोणता कागद किती दिवसांत, कोणाकडून मिळावा हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून ते ठाऊक असलेला माणूस खंडणी घेणारच.

कायद्याकडे पाहिले तर मात्र तो कमालीचा उदार वाटतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे व तेथूनही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. तपास कोठवर आला हे फिर्यादीस ९० दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. अटक झालेल्यांची माहिती प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावावी, असे कलम ३७ सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबर २४ तासांत संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने तर अधिसूचित सेवांसाठी मुदत, जबाबदार अधिकारी, अपिले आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांचा दंड ठरवून दिला. या सेवांची यादी मुदतीसह सूचना फलकावर लावणेही त्याच कायद्याने आवश्यक केले आहे.

मग अडते कोठे? पोलिसांचा आळस किंवा उद्दामपणा हे सोपे उत्तर झाले. त्याहून खोल कारण आपल्या मोजमापाच्या पद्धतीत आहे. एखाद्या ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या वाढली की ‘गुन्हेगारी बोकाळली’ अशी ओरड आपण वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातूनही करतो. जो ठाणेदार प्रत्येक चोरी इमानदारीने नोंदवील त्याचा आकडा फुगेल, आणि जो फिर्यादीला समजावून परत पाठवील किंवा दखलपात्र प्रकरण अदखलपात्रात घालील, त्याच्या हद्दीत शांतता नांदताना दिसेल. शिक्षा प्रामाणिकपणाला आणि बक्षीस लपवाछपवीला, अशी ही व्यवस्था आहे. शेतातील मोटारीची चोरी नोंदवलीच गेली नाही तर ती कागदोपत्री घडतच नाही. पुढे त्याच आकड्यांवरून मनुष्यबळ ठरते आणि धोरणे आखली जातात. ज्या दप्तरात दुःखाची नोंद नाही त्याच्या आधारे दुःखाचे निवारण कसे व्हावे?

नोंदीचे मोल किती असते, हे परभणीने नुकतेच फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले व अनेकांना अटक झाली. त्यांपैकी विधीचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा १५ डिसेंबर रोजी, न्यायालयीन कोठडीत असताना, मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांनंतरच्या आघाताचा उल्लेख होता. तरीही गुन्हा नोंदवला जावा यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेथेही ३० जुलै रोजी तो आदेश कायम राहिला. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. परंतु तपासाची पहिली पायरी असलेल्या नोंदीसाठीच सात महिन्यांहून अधिक काळ जावा, ही गोष्ट प्रत्येक नागरिकाने मनात जपून ठेवावी अशी आहे.

याच संदर्भात डिसेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आठवतो. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवावेत आणि त्यांतील चित्रण अठरा महिने, ते शक्य नसल्यास निदान एक वर्ष, जतन करावे, असे त्यात सांगितले आहे. हे चित्रण म्हणजेही ठाण्याचे दप्तरच होय. निर्दोष पोलिसावर खोटा आळ आला तर त्याला तारणारा साक्षीदारही तोच.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. सणवार, मोर्चे, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे या सर्वांचा बंदोबस्त करणारा शिपाईच चारित्र्य पडताळणीलाही जातो आणि न्यायालयात समन्सही पोहोचवतो. शिवाय प्रत्येक नोंद सर्वांस खुली असावी, असेही कोणी म्हणणार नाही. पीडित स्त्रीचे नाव आणि खबऱ्याची ओळख ही झाकलेलीच राहिली पाहिजेत. परंतु मनुष्यबळाची अडचण फलक लावण्याच्या आड येत नाही. आणि गोपनीयतेचे कारण ज्याचा कागद त्यालाच नाकारण्यासाठी पुढे करता येत नाही.

मागणी मोठी नाही. जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांतील प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागी सेवा, शुल्क, मुदत आणि अधिकाऱ्याचे पद सांगणारा स्वच्छ मराठी फलक असावा. आलेल्या प्रत्येक अर्जाला तारीख व क्रमांक घातलेली पोच मिळावी, कारण पोच नसली तर मुदत मोजायची कोणत्या दिवसापासून? आठवडी बाजाराच्या दिवशी केवळ कागदपत्रांसाठी एक कर्मचारी बसवावा, म्हणजे खेड्यातल्या माणसाचा वेगळा हेलपाटा वाचेल. ठाणेदाराचे मूल्यमापन गुन्ह्यांच्या संख्येवरून न करता, किती अर्ज मुदतीत निकाली निघाले आणि किती फिर्यादी अधीक्षकांकडे दाद मागण्यास गेले, यावरून करावे. शिक्षकांनी, कारकुनांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीही ही कलमे जाणून घेऊन शेजाऱ्याला समजावून सांगितली, तर मध्यस्थाचा धंदा आपोआप बसेल.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारी कागदाची भाषा उर्दू होती, आणि कागद वाचून घेण्यासाठीही रयतेला दुसऱ्याच्या दारी जावे लागे. आज कागद मराठीत आहे, कायदा आपल्याच प्रतिनिधींनी केलेला आहे आणि पोलिसाच्या वर्दीत आपलाच भाऊबंद आहे. अशा वेळी ठाण्याच्या दप्तराकडे सरकारचे गुपित म्हणून नव्हे, आपली सामाईक ठेव म्हणून पाहण्याची सवय दोन्ही बाजूंना लागली पाहिजे. ठेव ठेवणाऱ्याने ती मागावी आणि सांभाळणाऱ्याने ती मुदतीत द्यावी, एवढा साधा व्यवहार जेथे होत नाही तेथे कायद्याचे राज्य पुस्तकातच राहते.