तपासणी भटारखान्यापासून सुरू करा

गोव्यात हडफडे इथल्या ‘बर्च बाय रोमिओ लेन’ या नाइट क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री आग लागली आणि २५ माणसे गेली. त्यांत पर्यटक होते ५. उरलेले २० जण तिथलेच कर्मचारी. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा लांबच्या मुलखांतून पोटासाठी आलेले. आग वर भडकली आणि तळघरातल्या किचनमध्ये माणसे धुराने गुदमरली. वर यायला धड वाटच नव्हती.

त्यानंतर चर्चा झाली ती परवान्यांची, पंचायतीच्या नोटिशीची, थायलंडला पळालेल्या मालकांची. ती व्हायलाच हवी होती. पण २० आणि ५ या आकड्यांनी अस्वस्थ व्हायला हवे होते, ते फारसे कुणी झाले नाही. गिऱ्हाइकांनी भरलेल्या जागेत मरणाऱ्या दर पाच जणांत चार जण कामगार का असावेत?

उत्तर हॉटेलांच्या बांधणीत आहे. गिऱ्हाईक वावरते त्या भागात रुंद दार, उजेड, बाहेर पडण्याच्या पाट्या असतात. मागच्या बाजूला एकच अरुंद जिना, त्यावर कांद्याची पोती, कोपऱ्यात सिलिंडर आणि रात्री तिथेच पोरांच्या वळकट्या. मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर डिसेंबर २०१७ मध्ये फरसाणाच्या दुकानाला पहाटे आग लागली, तेव्हा पोटमाळ्यावर झोपलेले १२ कामगार होरपळून मेले. दिवसा राबायचे तिथेच रात्री पाठ टेकायची, ही पद्धत गिरगावपासून गडचिरोलीपर्यंत चालते आणि मालक तिला ‘राहण्याची सोय’ म्हणतात. ही सोय बंद झाली पाहिजे. शेगडी आणि तेलाच्या डब्यांच्या डोक्यावर माणूस झोपवणे हा गुन्हाच मानायला हवा.

आगीचेच कशाला? गुजरातेत डभोईजवळच्या एका हॉटेलात जून २०१९ मध्ये मैल्याची टाकी साफ करताना ७ जण दगावले. चार सफाई कामगार आणि तीन त्याच हॉटेलातली माणसे. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

किचनमधले धोके गूढ नाहीत. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो आणि तळघरात तुंबून राहतो. धुराड्याच्या नळीत महिनोन्‌महिने तेलकट काजळी साचते आणि भट्टीची एखादी ज्वाळा वर गेली की नळीच पेट घेते. कढईतले तेल पेटले तर नवखा पोरगा हातातले पाणी ओततो. ते पाणी तेलाच्या तळाशी जाऊन क्षणात वाफ होते, आकाराने दीड हजार पटींहून जास्त फुगते आणि जळते तेल सगळ्यांच्या अंगावर उडवते. गॅस बंद करून झाकण टाकायचे, एवढेच त्याला पहिल्या दिवशी त्याच्या भाषेत सांगायला हवे होते. आग विझवायचे लाल नळकांडे भिंतीवर टांगलेले असते, पण त्याची पिन कशी काढायची हे अनेकदा कोणालाच ठाऊक नसते.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने मालकावर दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी टाकली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या कामगार संहितांमुळे नेमणूकपत्र बंधनकारक झाले आणि चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीचा हक्क मिळाला. नेमणूकपत्राचे महत्त्व इथे फार मोठे आहे. ज्याचे नाव कुठल्याच कागदावर नाही, त्याचा हात भाजला तर नोंद होत नाही आणि जीव गेला तर भरपाईसाठी घरच्यांना आधी तो तिथे कामाला होता हेच सिद्ध करावे लागते.

अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र किचनच्या दारावर, तिथली माणसे वाचू शकतील अशा भाषेत लावणे सक्तीचे करावे. तपासनीसाने पुढच्या दाराने येऊन मालकाच्या केबिनमध्ये चहा घेऊ नये. मागच्या दाराने शिरावे, रात्रपाळीच्या वेळी यावे आणि पोटमाळ्यावर चढून पाहावे. आगीपासून बचावाचा सराव करायचा तर भांडी घासणाऱ्यालाही त्यात घ्यावे. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये हॉटेलातल्या सफाई कर्मचाऱ्यांसाठी खास नियम केला. गाद्या उचलून, खोल्या आवरून कंबर-खांद्यांना होणाऱ्या इजा रोखण्यासाठी केलेल्या त्या नियमात धोक्यांची पाहणी करताना कामगारांना सामील करून घेणे मालकांना बंधनकारक आहे. आपल्याकडेही हे अवघड नाही. कुठला बर्नर गळतो, कुठल्या फरशीवर पाय घसरतो, कुठले दार रात्री बाहेरून कुलूपबंद असते, हे आचाऱ्याइतके कोणालाच माहीत नसते. त्याला विचारल्याशिवाय आणि त्याची सही घेतल्याशिवाय एकाही हॉटेलच्या परवान्याचे नूतनीकरण होऊ नये.