पलटणीतील मर्यादा आणि गावातील मोकळीक

नागपूर–मुंबई या जुन्या हमरस्त्यावर, मेहकर आणि मालेगाव यांच्या दरम्यान वसलेल्या डोणगावात, किंवा बुलढाणा जिल्ह्यातील तशाच कोणत्याही मोठ्या गावात, दारूचा विषय निघाला की बोलणे लवकरच दोन ठरीव निर्णयांवर येऊन थांबते: पिणाऱ्याचे मनच दुबळे, हा एक, आणि सरकारने दारू सरसकट बंद करावी, हा दुसरा. पहिल्याने सारा दोष एका माणसाच्या माथी जातो, दुसऱ्याने सारी जबाबदारी मुंबईच्या मंत्रालयावर पडते, आणि या दोहोंच्या मध्ये गाव मात्र नामानिराळे राहते. माझे मत असे आहे की, माणूस किती पितो आणि पिऊन कसा वागतो हे त्याच्या मनोबलापेक्षा त्याच्या भोवतीच्या बंदोबस्तावर अधिक अवलंबून असते. आणि म्हणूनच हा बंदोबस्त, ज्यांच्या संसारावर दारूचा घाला पडतो त्यांच्याच हाती सोपवला गेला पाहिजे. या मताचा सर्वांत बोलका पुरावा लष्करात सापडतो.

लष्कराला मद्याची मुभा आणि रयतेला मनाई, ही विभागणी आपल्याकडे आजची नव्हे. पेशवाईत दारूवर कडक निर्बंध असतानाही मराठ्यांच्या चाकरीतील फिरंगी गोलंदाजांना स्वतःपुरती दारू गाळण्याची परवानगी होती, याकडे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवरील आपल्या विवेचनात लक्ष वेधले आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही युद्धनौका, लष्करी मेस आणि कॅन्टीन यांच्यासाठी सवलतीची तरतूद ठेवली, आणि बलसारा खटल्यात ती समतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचा आक्षेप आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ च्या निकालात तो अमान्य केला. सैन्याची परंपरा आणि जीवनपद्धती वेगळी असून ती दीर्घ अनुभवातून सिद्ध झालेल्या नियमांनी बांधलेली आहे, हा त्या निकालातील विचार मला मोलाचा वाटतो. कारण मद्याची मोकळीक तेथे नियमांच्या बंधनासह गृहीत धरलेली आहे, बंधनावाचून नव्हे.

ते बंधन प्रत्यक्षात कसे असते, हे बर्फाळ चौकीवर राहून आलेल्या कोणत्याही माजी सैनिकाला विचारावे. रमचा पेग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मापानेच मिळतो. वाटप चालू असताना हुद्देदार समोर उभा असतो, नावापुढे खूण होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पी.टी.च्या हजेरीला त्याच माणसाला त्याच हुद्देदारासमोर ताठ उभे राहावे लागते. १९५० च्या लष्करी कायद्याच्या ४८ व्या कलमान्वये नशेत आढळणे हा कामावर असताना आणि नसतानाही गुन्हा आहे. अधिकारी असेल तर तो बडतर्फीस पात्र ठरतो, आणि शिपायाला कामावर असताना दोन वर्षांपर्यंत, एरवी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. माप, वेळ, जागा आणि जाब विचारणारा माणूस, या चार गोष्टी तेथे एकत्र आहेत. त्या असूनही लष्करात व्यसनी माणसे निपजतात, हे नाकारण्याचे कारण नाही. आणि ब्रिटिश नौदलाने तर शतकानुशतके चालत आलेला रोजच्या रमचा रतीब ३१ जुलै १९७० रोजी कायमचा बंद केला, कारण गुंतागुंतीची यंत्रे हाताळणाऱ्या हातांना तो परवडण्याजोगा राहिला नव्हता. मद्य हितकर आहे असे यांतून मुळीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, मर्यादा माणसाच्या भोवती उभी असली म्हणजे बहुतेकांना ती पाळता येते.

परिस्थितीचे हे सामर्थ्य किती मोठे आहे, याचे प्रत्यंतर व्हिएतनामच्या युद्धाने दिले. १९७१ मध्ये तेथून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांची पाहणी ली रॉबिन्स या संशोधिकेने केली, तेव्हा सुमारे एक-पंचमांश जणांनी तेथे असताना आपण अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेल्याचे सांगितले. हेरॉइन एकदा जडले की सुटत नाही, ही त्या काळची दृढ समजूत. आणि तरीही, तेथे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या तीन वर्षांत थोड्या काळापुरते का होईना पुन्हा त्या जाळ्यात सापडलेले सैनिक सुमारे १२ टक्केच निघाले. भय, रिकामा वेळ आणि हाताशी स्वस्त मिळणारा माल, ही परिस्थिती मागे राहिली आणि घर, काम, ओळखीची माणसे भोवती आली, तेव्हा बहुतेकांचे व्यसन मागे पडले.

आपल्या गावांत नेमका याच्या उलट प्रवास घडतो. चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होऊन गावी आलेल्या जवानापाशी कॅन्टीनचा कोटा उरतो, पण हजेरी उरत नाही, हुद्देदार उरत नाही. शेत पावसावर, हाताला पुरेसे काम नाही, आणि मिल्ट्रीची बाटली मागणारे सोबती मात्र दारात. जो कधी पलटणीत गेलाच नाही त्या शेतकऱ्याची वा मजुराची गत याहून निराळी नाही. सोयाबीनचे पैसे हाती पडले त्या संध्याकाळी त्याला अडवणारे कोणी नसते, आणि पैसे संपल्यावर उधारीवर पव्वा देणारा तेवढा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूविक्रीस मनाई केली. हेतू अपघात टाळण्याचा होता आणि तो योग्यच होता. परंतु देशात अनेक ठिकाणी रस्त्यावरून उठलेली दुकाने वस्तीकडे सरकली आणि बायाबापड्यांना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरावे लागले. अंतर मोजले गेले. ज्यांच्या दारात दुकान येणार त्यांना कोणी विचारले नाही.

विचारणारे गाव उभे राहू शकते, हे राळेगणसिद्धीने दाखवले. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर वाहनचालक असलेले अण्णा हजारे निवृत्त होऊन १९७५ मध्ये गावी आले, आणि दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेल्या त्या दुष्काळी गावात त्यांनी लोकांच्या संमतीने भट्ट्या बंद करविल्या. तेथे काही मद्यपींना खांबाला बांधून फटकेही मारले गेले. त्याचे समर्थन मी करणार नाही, कारण आजारी माणसाला मारून कोणतीही शिस्त टिकत नाही. टिकले ते गावाने दिलेले काम, पाणलोटाची कामे आणि परस्परांवरील नजर. नुसत्या मनाईची मर्यादा आपण चंद्रपुरात पाहिली: २०१५ मध्ये आलेली जिल्हाबंदी चोरट्या दारूचे कारण पुढे करून २०२१ मध्ये उठविण्यात आली. ज्यांनी राखायचे त्यांनीच हप्ता घेतला, की कुंपणच शेत खाते, आणि मग बंदीचा हुकूम दप्तरातच राहतो.

गावाला अधिकार देणारी एक तरतूद महाराष्ट्रात अस्तित्वात आहे. गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली, आणि आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली तर दुकान बंद. यांतील ‘एकूण’ ही अट अन्यायकारक आहे. समजा, गावात १,००० महिला मतदार आहेत; पैकी ६०० जणी मजुरी बुडवून मतदानाला आल्या आणि ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहणार, कारण घरी राहिलेल्या ४०० जणी हिशेबात दुकानदाराच्या बाजूने धरल्या जातात. आमदार निवडताना आपण अशी अट घालत नाही; मग दुकान हटवणाऱ्या बाईवरच ती का घालावी?

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. झालेल्या मतदानाच्या बहुमतावर निकाल द्यावा. मतदानाचा दिवस भरपगारी सुटीचा असावा. हातभट्टीविरुद्धच्या ग्रामरक्षक दलात बचत गटाच्या स्त्रियांना निम्म्या जागा मिळाव्यात आणि त्यांच्या तक्रारीवर ठाणेदाराने ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देण्याची सक्ती असावी. पिणाऱ्यासाठी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीचा कक्ष हवा. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू करून ज्या मायेच्या उपचारांची वाट दाखवली, ती मेहकरपर्यंत पोहोचायला अजून किती वर्षे लावायची? आणि निवृत्त जवानांना गावाने नुसते सत्काराचे नारळ देऊ नयेत. ग्रामरक्षक दल, शाळेतील कवायत, पोलीसभरतीची तयारी ही कामे त्यांच्याकडे सोपवावीत, कारण त्यांच्या अंगी मुरलेली शिस्त वाया जाणे ही त्यांची आणि गावाची सारखीच हानी आहे. यांपैकी निम्म्या गोष्टींसाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, तिची मागणी आपल्या आमदारांकडे लेखी करावी. उरलेल्या निम्म्या येत्या ग्रामसभेच्या ठरावानेच सुरू होऊ शकतात, आणि तो ठराव मांडणाऱ्या बाईच्या मागे हात वर करून उभे राहणे हे गावातील प्रत्येक शहाण्या पुरुषाचे कर्तव्य आहे.