युरोप, व्हाया दौंड

दिवाळी अंकांतल्या प्रवासवर्णनांविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. लेखक पहिल्याच ओळीत विमानातून उतरलेला असतो. निघण्यापूर्वी घरात जे रामायण घडले, पैशांची जी ओढाताण झाली, कोणाला कुठे जायचे यावरून जे अबोले झाले, त्यांबद्दल अवाक्षर नसते. जणू विमान वाड्याच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि हे गृहस्थ उपरणे सावरीत त्यात चढले! आमचे युरोप अजून व्हायचे आहे. बेत येत्या मे महिन्याचा आहे. पण तयारी गेले पाच महिने चालू आहे, आणि माझे तर असे मत बनू लागले आहे की, प्रवासवर्णन लिहायचे ते निघण्यापूर्वीच लिहावे. परत आला की माणूस फोटो दाखवू लागतो, आणि मग खरे बोलणे त्याला जमत नाही.

आम्ही राहतो शिरूरला, म्हणजे घोडनदीला. गावात रेल्वे नाही. माझी सासुरवाडी दौंडची, आणि तिथे रेल्वेखेरीज काय आहे असे कोणी विचारले तर दौंडकर अभिमानाने ‘रेल्वे आहे की’ असे उत्तर देतो. १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला तेव्हापासून हे जंक्शन आहे. माझे सासरे अण्णा याच जंक्शनावर आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले. युरोपचे नाव निघाले आणि शिरूरच्या आमच्या दिवाणखान्यातून सगळा कारभार दौंडच्या ओसरीवर गेला, तो आजतागायत तिथेच आहे.

आताच का जायचे, याचे कारण सांगतो. मोठी अकरावीत आहे, धाकटा नववीत. जून उजाडला की एक बारावीत आणि दुसरा दहावीत. घरात एकदम दोन बोर्डे. त्यानंतर मोठी कॉलेजसाठी कुठल्या गावी जाईल ते ब्रह्मदेवच जाणे. चौघांनी मिळून एखाद्या गावी जायचे, एका खोलीत झोपायचे आणि पांघरुणावरून भांडायचे, अशी ही बहुधा शेवटची सुटी. पैसे म्हणाल तर घरावर वरचा मजला चढवायचा म्हणून बारा वर्षे एक रक्कम बाजूला पडत होती. मी हिशेबाची वही घेऊन बसलो. ही शांतपणे म्हणाली, “विटा काय, पुढेही मिळतील.” वही मिटली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. मुलांच्या क्लासची सुटीतली बॅच नेमकी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. आम्ही दोघे क्लासच्या सरांना भेटायला गेलो. त्यांनी आम्हांला खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि म्हणाले, “युरोप काय पळून जातंय का?” मी गप्पच होतो. ही म्हणाली, “युरोप नाही सर, मुलं पळून जातायत.” सर हसले. बुडालेल्या बॅचची फी मात्र परत मिळणार नाही, हे त्यांनी हसता हसताच सांगितले.

देश किती करायचे, यावर महिनाभर वाद चालला. पुण्याहून आणलेल्या एका सहलपत्रकात पंधरा दिवसांत आठ देश होते. आठ देश ऐकायला फार छान वाटतात. आठ मुलगे म्हटल्यासारखे. शेजारी म्हणाले, “एवढा खर्च करताच आहात, तर आठच करा.” अण्णांनी ते पत्रक घेतले, चष्मा पुसला आणि चौकटीच्या कागदावर आकडे मांडले. त्यांचा सिद्धान्त असा की, मुक्काम हलवायचा म्हणजे निदान अर्धा दिवस गेला. सामान बांधा, स्टेशन गाठा, पुढच्या गावी खोली मिळेपर्यंत ताटकळा. आठ देशांत किमान नऊ हलवाहलवी, म्हणजे साडेचार दिवस बॅगांना वाहिले. “जावईबापू,” ते म्हणाले, “ही सहल बॅगांची आहे. तुम्ही हमाल म्हणून चाललाय.” माझ्या आईसारखे कोणी वयस्कर बरोबर असते तर मी बिनतक्रार मंडळाबरोबरच गेलो असतो, रात्री वरणभात आणि मराठीत हाक मारणारा व्यवस्थापक ही काही लहान गोष्ट नव्हे. पण सोळा आणि चौदा वर्षांच्या मुलांना सकाळी सहाला उठवून बसमध्ये घालायचे आणि खिडकीतून राजवाडे दाखवायचे, याला मी तरी सहल म्हणत नाही.

शेवटी तीन देश ठरले: फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली. चौदा रात्री. पॅरिस, ल्युसर्न, मिलान, व्हेनिस, रोम. मग उघडले व्हिसाचे दार.

शेंगेन हा शब्द आता शिरूरच्या वाण्यालाही ठाऊक आहे, पण शेंगेन हे एक गाव आहे हे फार थोड्यांना माहीत असते. लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीच्या काठी आपल्या तालुक्यातल्या एखाद्या वाडीएवढे हे खेडे. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला की, आपापसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकायची. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, नाणेही त्याचे स्वतःचे फ्रँक. तरी या एका पंगतीत ते बसले आहे. इंग्लंड आणि आयर्लंड यांत नाहीत. तिथे जायचे तर वेगळा अर्ज, वेगळी फी. लंडन पाहायचे माझे स्वप्न या एका वाक्यात संपले.

अर्ज कोणाकडे करायचा? जिथे जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखे असतील, तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. आमचा पहिला आराखडा असा होता: पॅरिस पाच रात्री, ल्युसर्न चार, इटली पाच. बरोबरी झाली, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. तेवढ्यात हिने रोमला एक रात्र वाढवली, ती पॅरिसमधून काढली, आणि एका रात्रीत आमची वकिलात बदलली! आता उतरणार पॅरिसला आणि परवानगी मागणार इटलीची. अण्णांना हे मुळीच पटले नाही. “उतरायचं दौंडला आणि तिकीट दाखवायचं मनमाडला, हा कुठला नियम?” असे ते अजूनही म्हणतात. फी माणशी ९० युरो. बारा वर्षांखालच्यांना अर्धी, पण आमची दोन्ही रत्ने ती वेस ओलांडून गेलेली. तेव्हा ३६० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत नाहीत. बोटांचे ठसेही बाराव्या वर्षापासून द्यावे लागतात. आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्टाची मुदत परतीच्या दिवसानंतर निदान तीन महिने शिल्लक पाहिजे. अर्ज फार तर सहा महिने आधी करता येतो, म्हणजे आमचे दार भाऊबीज उरकली की लगेच उघडेल. इतक्या लवकर कशाला, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की, उन्हाळा जवळ आला की अर्ज देण्याची तारीखच मिळेनाशी होते.

शिरूरकरांना युरोप तसा परका नाही. इथे इंग्रजांची छावणी होती. १८०९ साली वारलेल्या कर्नल विल्यम वॉलेसची समाधी गावात आहे, आणि ‘सतपुरुष’ म्हणून लोक तिला धान्याचा नैवेद्य दाखवीत आले आहेत. तिकडून आलेला माणूस इथे देव झाला. इथून निघालेल्या माणसाकडे मात्र तिकडची कचेरी बँकेचा उतारा मागते!

धाकट्याचा विरस दुसऱ्याच गोष्टीने झाला. त्याला पासपोर्टात शिक्के हवे होते. तीन देश, म्हणजे निदान सहा. आतल्या सीमांवर शिक्का मारायला कोणी उभेच नसते, हे त्याला कळले तेव्हा आकडा दोनवर आला. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने ठसे आणि चेहऱ्याचा फोटो यंत्रात नोंदवण्याची नवी पद्धत सुरू केली, आणि शिक्क्याला रजा द्यायला घेतली. बिचाऱ्याचे दोन शिक्केही गेले. पण त्याचा लाभ दुसरीकडे झाला. स्वित्झर्लंडमध्ये आईबापांपाशी तिथला प्रवासपास असला, तर बरोबरची सहा ते पंधरा वर्षांची मुले फुकट. सोळाव्या वर्षी तिकीट लागते. धाकटा चौदाचा, मोठी सोळाची. “पंधरा सांगू या की,” सासूबाई म्हणाल्या. हाफ तिकिटासाठी मुलांना वर्षानुवर्षे अकरावरच थांबवून ठेवणाऱ्या पिढीची ती स्वाभाविक सूचना होती. अण्णा ताडकन म्हणाले, “पासपोर्टावर तारीख असते.” आणि मग जरा वेळाने, “आणि मी रेल्वेचा माणूस आहे.” लूव्रमध्ये मात्र अठराखालच्या सर्वांना प्रवेश मोफत आहे, तिथे दोघेही खपून जातील. फक्त मंगळवारी जाऊ नये. तो त्यांचा बंदचा वार. ओर्से संग्रहालयाचा सोमवार.

मोठीची मागणी एकच. ती चित्रे काढते. पॅरिसला ओरांजरी नावाच्या संग्रहालयात दोन लंबगोल दालने आहेत आणि त्यांच्या भिंतींवर मोनेची कमळांची चित्रे, १९२७ सालापासून. “तिथं मला दोन तास बसू द्यायचं,” ती म्हणाली, “आणि ‘झालं का’ असं विचारायचं नाही.” मी हो म्हटले. नंतर हिने मला एकीकडे विचारले, “तुम्हांला जमेल?” धाकट्याला मिलानचे सॅन सिरो हे फुटबॉलचे मैदान पाहायचे आहे आणि एक दिवसाआड नऊ वाजेपर्यंत झोपायचे आहे. ही मागणीही मंजूर झाली. हिला बर्फ हवा. १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया’ पाहिलेल्या मुलींना स्वित्झर्लंडमध्ये दुसरे काही दिसणे शक्य नाही. माझ्या वाट्याला काय आले, हे कोणी विचारले नाही.

आता खाण्याची कथा. सासूबाईंनी साजूक तूप, पेढे आणि खव्याच्या पोळ्या यांची यादी केली होती. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. हे मी सांगितले तेव्हा सासूबाई माझ्याकडे, तो नियम मीच केला असल्यासारख्या पाहू लागल्या. “तुपाला काय रोग असतो?” या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. मे महिना म्हणजे आंबा. पण ताजी फळे न्यायची तर सरकारी रोगमुक्तीचा दाखला लागतो. सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. हापूस त्या यादीत नाही. २०१४ च्या मेपासून काही महिने तर युरोपने आपल्या हापूसची आयातच थांबवली होती. तेव्हा शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा आणि कडक भाकऱ्या एवढ्यावर तह झाला आहे. पेढे पुण्याच्या विमानतळापर्यंत येणार आणि तिथेच संपणार.

“मुलांना घेऊन एवढ्या लांब!” असे सासूबाई म्हणाल्या, तेव्हा हिने त्यांना केडगाव दाखवले. दौंड तालुक्यातल्या या केडगावला पुढे ज्यांनी मुक्तिसदन उभारले, त्या पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन विलायतेला गेल्या. नवरा वारलेला, आणि प्रवास बोटीचा. “आम्ही तर पंधरा दिवसांत परत येतोय,” ही म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, “तिची मुलगी ‘नऊपर्यंत झोपू दे’ म्हणत नव्हती.”

अण्णांना मात्र खरा आनंद झाला तो ल्युसर्नमुळे. पॅरिसच्या गार द लियोंहून बाझेल, तिथे गाडी बदलून ल्युसर्न, आणि चार रात्रींनी ल्युसर्नहून मिलान, हा मार्ग आम्ही नकाशावर आखत होतो. ल्युसर्न हे आंधळे स्थानक आहे. गाडी ज्या तोंडाने येते त्याच्या उलट तोंडाने निघते. मिलानचे मुख्य स्थानकही तसेच. अण्णा उठून बसले. “म्हणजे आपल्यासारखंच!” पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावण्यात त्यांची उमेद गेली. आता कॉर्ड लाइन झाल्याने बऱ्याच गाड्या मुख्य स्थानकात न येताच निघून जातात, याचे दुःख त्यांना घरातल्या मृत्यूइतके आहे. गोटहार्डचा २०१६ साली खुला झालेला बोगदा ५७ किलोमीटरांचा आहे हे ऐकून त्यांनी लगेच हिशेब केला: पुणे ते दौंड पाऊण वाट अंधारात. मग त्यांनी बाझेलला गाडी बदलायला किती वेळ आहे ते विचारले. धाकट्याने फोनवर पाहून सांगितले, एका गाडीला नऊ मिनिटे. अण्णांनी त्यावर काट मारली. “चार बॅगा आणि तुझी आई. पुढची गाडी धर.”

त्यांचा चौकटीचा कागद आता पक्का झाला आहे. गाव, गाडी, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ असे रकाने लाल-निळ्या पेन्सिलीने आखले आहेत. “तुम्हीही चला,” असे आम्ही दोनदा म्हटले. ते म्हणाले, “मी आलो तर इथं कंट्रोल कोण सांभाळणार?” कागदातला शेवटचा रकाना ‘प्रत्यक्ष आगमन’ असा आहे, आणि तो कोरा आहे. मोठीने प्रत्येक स्टेशनावर उतरताच दौंडला फोन करायचा असे ठरले आहे. घड्याळात साडेतीन तासांचा फरक पडतो, तो अण्णांनी कागदाच्या डोक्यावर आधीच लिहून ठेवला आहे. त्याखाली धाकट्याने त्यांच्या नकळत लिहिले आहे: ‘रात्री बारानंतर पोहोचलो तर सकाळी सांगू.’ त्यावर परवा काट मारलेली दिसली.