बंगळूरमधील भाडेवाढ: कायद्यापेक्षा करार बलवान

बंगळूरमध्ये घरमालकाने भाडे किती वाढवावे, यावर बहुसंख्य भाडेकरूंसाठी कायद्याचे बंधन उरलेले नाही. 31 डिसेंबर 2001 रोजी अमलात आलेल्या कर्नाटक भाडे कायद्याने शहरातील दरमहा साडेतीन हजार रुपयांहून अधिक भाड्याची घरे कक्षेबाहेर ठेवली. भाडी वाढली, मर्यादा मात्र तेथेच राहिली. आज एवढ्या भाड्यात घर मिळणे दुरापास्तच आहे.

त्यामुळे सारी भिस्त अकरा महिन्यांच्या करारावर असते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने ही पळवाट रूढ झाली. मुदतीच्या आत मालकाला कराराबाहेर वाढ करता येत नाही. मुदत संपताच तो हवी ती रक्कम मागू शकतो. कोरोनानंतर, 2022-23 मध्ये कार्यालये पुन्हा उघडली, तेव्हा अनेकांना याचा अनुभव आला. मान्य नसेल तर घर सोडावे, परंतु येथे दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत घेण्याचा प्रघात आहे. जुनी परत मिळण्यापूर्वीच नवी भरावी लागते. खरी कोंडी हीच.

महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यात वार्षिक चार टक्के वाढीची तरतूद आहे; अर्थात, लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना तिचा आधार नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यानेही वाढीची कमाल मर्यादा घातलेली नाही. मात्र निवासी अनामत दोन महिन्यांपुरती आणि कराराबाहेरील वाढीसाठी तीन महिन्यांची लेखी सूचना, असे त्यात सुचवले आहे. ते स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर आहे.