पगार की फी? सही करण्याआधी वाचा

सरावलीकडची आपली शिकलेली मुलं उंबरगाव, वापी, तारापूरला कामाला जातात. पैसे किती ते विचारतात, पण कागदावर ‘पगार’ लिहिलंय की ‘व्यावसायिक फी’, हे कुणी बघतच नाही.

समजा, महिना 20,000 ठरले. पगार असेल तर वर्षाचे 2,40,000 होतात, कर लागत नाही, टीडीएसही नाही. तेच फी म्हणून दाखवले तर 10 टक्के टीडीएस, म्हणजे दरमहा 2,000 कापून हातात 18,000. वर्षाचे 24,000 अडकले! ते परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. आपल्याकडे किती जण भरतात?

नव्या करप्रणालीत पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट आहे. फीवाल्याने मात्र कामाचा खर्च दाखवायचा, बिलं जपायची. चार ठिकाणी कामं घेणाऱ्या सल्लागाराला ते जमतं. पण रोज मस्टरवर सही करणाऱ्या, साहेब सांगेल तेच करणाऱ्या पोराला कंत्राटी सल्लागार म्हणणं ही मला सरळ पळवाट वाटते. मालकाचा पीएफचा हिस्सा वाचतो तो वेगळाच.

रिटर्न भरायला ठरलेली मुदत असते. घरातल्या कुणाचे पैसे असे कापले गेले असतील, तर त्याचा फॉर्म 26एएस आजच उघडून बघा.