घोड्याचा पोटशूळ: घाटावर प्रत्येक तास मोलाचा का?

महाबळेश्वर-पाचगणीत पर्यटकांना फिरवणारा घोडा असो किंवा सांगली भागात शर्यतीत धावणारा, त्याच्या जिवावर बेतणारा नेहमीचा आजार म्हणजे पोटशूळ, अर्थात कोलिक.

हा आजार इतका घातक का?
घोड्याला उलटी होत नाही. त्याचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. त्यात वायू किंवा पाणी साचलं, तर ते फुटूही शकतं.

लक्षणं कोणती?
चारा सोडणं, पायाने जमीन उकरणं, वळून पोटाकडे पाहणं, लोळणं, लीद बंद होणं.

उपचार काय?
घरी तोंडातून तेल पाजू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून साचलेलं बाहेर काढतात. आतड्याला पीळ पडला असेल, तर शस्त्रक्रिया लागते.

अडचण कुठे येते?
सातारा जिल्ह्यातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरवळला आहे. महाबळेश्वरहून तिथे जायचं, तर पसरणी घाट उतरायचा, तोही वेदनेने लोळणारा घोडा गाडीत चढवून. म्हणून पहिला उपचार जागेवरच मिळायला हवा. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

घोडा गेला, तर घोडेवाल्याची रोजची कमाईच जाते. त्यामुळे लीद थांबली की वाट पाहू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.